शिवणीतल्या भोकांच्या रांगा

४ मार्च

प्रिय टाचणी,

एकदाचा माळा आवरला! तू दोन वर्षं डोकं खात होतीस ना, 'वहिनी, जुने कपडे फेकू नकोस, मला दे' म्हणून? घे आता. पाच पँटी आणि तीन शर्ट, सगळे तुझ्या दादाचे. पत्र्याच्या पेटीत तळाशी दाबून ठेवले होते आणि वर प्रेसमधल्या कागदांचा ढीग. या माणसाला काही म्हणजे काही टाकवत नाही. बाइंडिंगच्या कापडाच्या चिंध्यासुद्धा घरी येतात. हे कामावर गेले तेव्हाच गाठोडं बांधलं आणि ऑफिसला जाता जाता पोस्टात टाकलं. विचारलं असतं तर एकही पँट घराबाहेर पडली नसती.

तुझ्या त्या बालवाडीच्या चाळीस एप्रनांत वापर. कापड अजून दणकट आहे. उरलंच तर चिंगीला एक दप्तर शिव. यंदाही नवं मागितलंय, आणि मी ठामपणे नाही म्हटलंय, म्हणजे घ्यावंच लागणार.

इकडे सगळं ठीक. तुझ्या दादाने दाढी वाढवली आहे. मी 'ऋषीमहाराज' म्हणते, तर हसतात आणि पाणी मागतात. पाण्याचं तर विचारूच नकोस. एवढा मोठा जग दिवसातून तीनदा भरते. भूक दोन माणसांची. चाळिशी उलटल्यावर माणसाला दुसरं बालपण येतं म्हणतात ते हेच असेल. चिंगीची परीक्षा आहे म्हणून आम्ही दोघी आतल्या खोलीत झोपतो, हे बाहेर. स्वतःहूनच म्हणाले, माझी सारखी उठबस असते, तुमची झोपमोड नको. इतका शहाणपणा लग्नाच्या पहिल्या वर्षी दाखवला असता तर!

पँटी मिळाल्या की कळव.

तुझी वहिनी

११ मार्च

वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी नेऊ नकोस. फोन केला असता, पण तुमचा फोन दादाच्या खुर्चीशेजारी.

सरळच विचारते. दादाला काय झालंय? आणि तू माझ्यापासून का लपवलंस?

कसं कळलं म्हणशील, म्हणून सांगते. जुना कपडा आला की मी आधी कात्री लावत नाही. आधी उसवते. एकेक शिवण ब्लेडने सोडवायची, तुकडे धुवायचे, उलटे करून इस्त्री करायची. बाहेरची बाजू विटलेली असते, पण आतली नव्यासारखी निघते, तीच मी वर आणते. तर काल दुपारी दादाची पहिली पँट घेतली, ती राखाडी. मागची शिवण सोडवायला गेले तर तिथे कापडाची नुसती थप्पी! जास्तीचं कापड आत दाबलेलं. सोडवत गेले, तर सुईच्या भोकांची एक रांग. तिच्या आत अर्ध्या इंचावर दुसरी. मग तिसरी. मग चौथी. वहिनी, दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच धरला तर एका रांगेला कंबर एक इंच कमी होते. चार रांगा! मागचे दोन्ही खिसे सरकत सरकत एकमेकांना टेकलेत. शिंप्याची पोर मी, हे बघितलं आणि तिथेच खाली बसले.

बाकीच्या घाईघाईने उसवल्या. दुसरीला चार, तिसरीला तीन, नव्या दोघींना दोन दोन. एका रांगेपासून दुसरीपर्यंत कापड किती विटलंय त्यावरून मला अंदाज येतो. वर्ष-दीड वर्ष तरी हे चाललंय. छत्तीसची कंबर बत्तीसवर आली आणि मला कोणी एका अक्षराने सांगितलं नाही?

कुठल्या शिंप्याकडून करून घेतलंस? माझ्याकडे पाठवल्या असत्या तर मी बघितलं असतं म्हणून नाही पाठवल्यास, होय ना? आणि आता ओझं झालं म्हणून 'माळा आवरला' या नावाखाली पाठवल्यास? मला राग आलाय, वहिनी. रागापेक्षा भीती जास्त वाटते आहे. एप्रन तसेच पडलेत. दुकानात कामाला असलेल्या दोन्ही बायका विचारतायत, बाईंना झालंय काय. उलटटपाली उत्तर दे.

टाचणी

१७ मार्च

टाचणी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि पहिल्यांदा तुझाच राग आला. अगं, मला बटण लावता येत नाही हे तुमच्या सगळ्या खानदानाला ठाऊक आहे! मी कुठल्याही शिंप्याकडे गेले नाही. मला काही माहीत नव्हतं. मी लपवलं असं तू लिहितेस? चांगला खातापिता माणूस आहे, दोन माणसांचं जेवतो, तो बारीक कसा होईल? टाचणीचं डोकं फिरलंय असं म्हणून मी पत्र फाडणार होते.

मग घरी गेले. हे चहा पीत बसले होते. मला बघताच म्हणाले, "माळ्यावरच्या पेटीतले कपडे कुठे गेले?" मी म्हटलं, कुठले कपडे? तर पुन्हा तेच. जेवताना तिसऱ्यांदा. आवाज साधाच होता, पण चेहरा साफ उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुझी शिलाईची टेप काढली, मागच्या वेळी विसरून गेलेली. म्हटलं, टाचणी तुमच्यासाठी जाकीट शिवते आहे, माप मागवलंय. "नको मला जाकीट." अहो, माप तर देऊन ठेवा. "नको म्हटलं ना!" ओरडलेच. सोळा वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर ओरडलेला नाही. चिंगी वही टाकून दारात आली.

मी ऐकलं नाही. गंमत करते आहे असं दाखवून मागून गेले आणि दोन्ही हातांनी त्यांना मिठी मारली.

टाचणी, शर्टाच्या आत स्वेटर होता. मार्च महिन्यात! स्वेटरच्या आत बनियन आणि त्याच्या आत आणखी एक बनियन. आणि त्या सगळ्याच्या आत माझे हात जिथे माणूस असायला हवा तिथे पोचेचनात. कसं सांगू? हात पुढे पुढे जात राहिले. त्यांनी मला झटकलं. मी हसले. खरंच हसले गं, दुसरं काही सुचलं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी बायको आहे की कोण आहे? रोज समोर बसून जेवते. ती दाढी, ते ढगळे शर्ट, बाहेरच्या खोलीतली झोप, एवढं सगळं डोळ्यांदेखत झालं आणि मी ऋषीमहाराज म्हणून चिडवत होते. जगभरात माझ्यासारखी आंधळी बाई सापडायची नाही.

विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि त्यांनी सांगितलं तर? तूच काहीतरी कर. तुझं ते ऐकतात.

वहिनी

२१ मार्च

वहिनी,

आधी माफी मागते. पाया पडते हवं तर. मी तुला काय काय बोलले! त्या दिवशी इतकी हादरले होते की भोकं मोजली आणि दोरा बघितलाच नाही. तुझं पत्र आल्यावर कचऱ्याच्या डब्यातून दोऱ्याचे तुकडे वेचून काढले. जाड दोरा, मेण लावलेला. टोकाला चपटी गाठ. कुठलाही शिंपी पँटीला मेणाचा दोरा घालत नाही. तो पुस्तकं शिवायचा दोरा आहे. दादाने स्वतः शिवलंय, वहिनी. प्रेसमध्ये बसून, सगळे गेल्यावर. लहानपणी बाबांच्या दुकानात काज करायचा तो, हात अजून तसाच सरळ आहे. टाके बघून मला रडू आलं, इतके सुरेख घातलेत मेल्याने.

म्हणजे त्याला पक्कं माहीत आहे आणि त्याने ठरवून लपवलंय. असल्या माणसाला विचारून उपयोग नाही. तो 'उन्हाळा आहे' म्हणेल, 'काम जास्त आहे' म्हणेल, आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवशील. आमच्या घरात आजार कबूल करायची रीतच नाही. बाबा गेले तेही दुकानात बसल्या बसल्या, एका दुपारी, काही नसताना. आजारी पडायला वेळच नव्हता त्यांना, असं आई म्हणायची.

तर ऐक. तो आता घालतो त्या पँटी किती? चार ना? एक अंगावर राहू दे. शनिवारी तीन मला पाठव, 'इस्त्रीवाल्याकडे पडल्यात' म्हणून सांग. मी त्यांची प्रत्येक शिवण सोडवून मूळ मापावर आणते. पहिल्या दिवशी दुकानातून आणली तशी. बुधवारपर्यंत तुला परत मिळतील. गुरुवारी सकाळी तो अंघोळीला गेला की अंगावरची चौथी बादलीत भिजव आणि पट्टा लपव. त्याच्याकडे पट्टा ठेवून काही दया दाखवू नकोस. मग बघू काय घालून बाहेर येतो.

हे वाईट आहे हे मला कळतं. भर घरात माणसाची पँट सोडवायची म्हणजे काय! पण तोंडाने तो कबूल होणार नाही. तू कच खाऊ नकोस.

टाचणी

३ एप्रिल

टाचणी,

आज हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. घाबरू नकोस, आधी पुढचं वाच.

तू सांगितलंस तसंच केलं. गुरुवारी सकाळी पट्टा पिठाच्या डब्यामागे टाकला. हे अंघोळ करून आत गेले. बराच वेळ कपाट उघडल्याचे, लावल्याचे आवाज. "पट्टा कुठे आहे?" मी पोळ्या लाटत राहिले. मग बाहेर आले. दोन्ही मुठींनी पँट धरलेली, पोटापाशी केवढा तरी घोळ. चिंगी आधी खो खो हसली. "बाबा, कोणाची पँट घातलीत?" आणि हसता हसता थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. दहा वर्षांच्या पोरीला कळलं गं, जे मला दीड वर्षात कळलं नाही.

मी म्हटलं, शर्ट काढा. त्यांनी पँट आणखी घट्ट धरली. मी पुन्हा म्हटलं, काढा. हात मोकळा करायचा तर पँट सुटणार, म्हणून एका हाताने बटणं काढू लागले. शेवटी मीच काढली. शर्ट, स्वेटर, एक बनियन, दुसरं बनियन. आणि मग जो माणूस समोर उभा होता त्याला मी ओळखत नव्हते. बरगड्या मोजून घ्याव्यात. मी किंचाळले की काय ते मला आठवत नाही, शेजारीण धावत आली एवढं खरं.

तेवढ्यात हे म्हणाले, "आता काही उपयोग नाही. हे असंच असतं." कसं असंच असतं? कोणी सांगितलं? कुठल्या डॉक्टरने? तर एकाही डॉक्टरकडे गेलेले नाहीत! दीड वर्ष स्वतःच ठरवून बसले होते.

रिक्षात घालून आणलं. रक्त घेतलं, लघवी घेतली. डॉक्टरांनी कागद बघितला आणि त्यांना सोडून मलाच खाली बसायला सांगितलं. साखर आहे, टाचणी. रक्तातली साखर इतकी वाढलेली की माणूस चालत आला कसा याचंच त्यांना नवल. आणखी पंधरा दिवस गेले असते तर बेशुद्ध होऊन तसेच गेले असते, असं तोंडावर सांगितलं. पण औषध आहे! रोज सुई टोचून घ्यायची, जन्मभर. खाण्यापिण्याचं सांभाळायचं. वजन परत येतं, माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. मी तिथेच हमसून हमसून रडले.

आता खरी गोष्ट. हे ऐकून ते आनंदले असतील असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. तर त्यांचा चेहरा पांढराफटक. डॉक्टरांना विचारलं, "हे औषध नवीन निघालंय का?" डॉक्टर हसून म्हणाले, "छे हो, साठेक वर्षं झाली असतील." त्यावर यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चार दिवस झाले. सुई घेतात, दिलेलं खातात, पण माझ्याशी नाही, चिंगीशी नाही, एक शब्द बोललेले नाहीत. काल फक्त कागद आणि पेन मागितलं. मरणातून वाचलेला माणूस असा का वागेल? मला काहीच कळेनासं झालंय.

वहिनी

९ एप्रिल

टाचणी,

तुझ्यावर रागवायला हवं होतं. पँट छान सोडवली आहेस, जुन्या टिपेची एक खूण ठेवली नाहीस.

मी आता बरा आहे. वजन दीड किलो वाढलं. हे पत्र तीनदा लिहून फाडलं, म्हणून उशीर.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला होतं का? वडिलांना? मी नाही म्हणालो. मग त्यांनी विचारलं, वडिलांना तहान फार लागायची का? हातापायाला मुंग्या यायच्या का? खूप जेवूनसुद्धा वाळत गेले का?

बाबा एका दुपारी गेले नाहीत. तुला तसं सांगितलं. आईलाही तसंच वाटत होतं, असं मी धरून चाललो होतो. ते वर्षभर वाळत होते. मशीनपाशी पाण्याची कळशी असायची आणि ती मी भरायचो. मी सोळा वर्षांचा. एक दिवस दुकान बंद करून त्यांनी मला त्यांची पँट दिली, म्हणाले, मागून अर्धा अर्धा इंच आत घे. त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या, बारीक सुई धरवत नव्हती. मी विचारलं, डॉक्टरकडे जाऊ या का? तर म्हणाले, शिंप्याला आजार आहे हे एकदा बाहेर फुटलं की कोणी कापड शिवायला टाकत नाही. कपड्याला आजार चिकटतो म्हणतात लोक. आईला सांगू नकोस, धाकटीला तर मुळीच नाही. मी शब्द दिला. दर दोन महिन्यांनी पँट आत घेत गेलो. वर जाडे शर्ट शिवून दिले. इतकं चांगलं काम केलं की कोणाला पत्ता लागला नाही. आणि एका दुपारी ते मशीनवर डोकं ठेवून गेले.

माझी कंबर सैल व्हायला लागली तेव्हा मी ओळखलं. वाटलं, हे आपल्या घरातलं आहे, याला इलाज नाही. बाबांसारखंच निभावायचं, बायकोपोरीला त्रास न देता. तिथे प्रेसमध्ये बसून पहिला टाका घालताना मला काही वाटलंसुद्धा नाही, हात आपोआप चालला.

इलाज होता, टाचणी. तेव्हाही होता. आपल्या दुकानापासून चार गल्ल्यांवर सरकारी दवाखाना होता. मी एक शब्द बोललो असतो तर बाबा तुझ्या लग्नाला असते. डॉक्टरांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी खात्रीने काय सांगणार. चांगले आहेत, म्हणून तसं म्हणाले. मला खात्री आहे.

तू नऊ वर्षांची होतीस. तुझे बाबा मी तुझ्यापासून लपवले. मला काय म्हणायचं ते म्हण, पण वहिनीला नको लिहू, मला लिही.

दादा

१६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान बंद केलं. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. पहिल्या दिवशी तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर काय केलं असतं सांगता येत नाही. बाबांच्या मांडीवर बसायचे मी. त्यांची हाडं टोचायची, मी म्हणायचे, बाबा, उशी घ्या. आणि तुम्ही दोघे माझ्यासमोर हसायचात.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट आठवली. तीच सांगायला लिहिते आहे.

बाबा गेल्यावर चार वर्षांनी आईने त्यांच्या पँटी काढल्या. तू तेव्हा प्रेसमध्ये लागला होतास, दिवसभर बाहेर. मला तेरावं वर्ष होतं. आईने पहिल्यांदा माझ्या हातात ब्लेड दिलं आणि म्हणाली, उसवायला शीक, यातून तुला शाळेची पिशवी करू. माझं या धंद्यातलं पहिलं काम ते, दादा. जुन्यातून नवं करायला मी बाबांच्या पँटीवर शिकले.

मागच्या शिवणीत भोकांच्या सहा रांगा होत्या.

मी मोजल्या होत्या. आईला विचारलं, आई, इतक्या रांगा कशाला? आई गवार निवडत होती की काय करत होती, मान वर न करता म्हणाली, "पुरुषांच्या पँटीला असतातच." मी विश्वास ठेवला. पुढे शेकड्यांनी पँटी उसवल्या, एकीलाही सहा रांगा नव्हत्या, आणि तरी मला एकदाही संशय आला नाही. तुझ्या पँटीतल्या चार बघून मी खाली बसले, पण बाबांच्या सहा आठवल्या नाहीत. त्या माझ्या लेखी 'असतातच' अशा होत्या.

आईला माहीत होतं, दादा. तू टाका घालायचास आणि ती धुवायची. दर वेळी मागची शिवण जाड झालेली तिच्या हाताला लागत असणार. बाबांनी तुला गप्प बसवलं, तू आईपासून लपवलंस, आई तुझ्यापासून लपवत होती, आणि शेवटी तिने ते ब्लेड माझ्या हातात दिलं. का दिलं, हे विचारायला ती आता नाही. माझ्या डोळ्यांना ते दिसावं असं तिला वाटत होतं, की माझ्या हातांनी ते उसवून नाहीसं व्हावं असं वाटत होतं, मला खरंच कळत नाही. ती पिशवी मी फाटेपर्यंत वापरली.

तेव्हा तू एकटाच गुन्हेगार असल्यासारखं भिंतीकडे तोंड करून बसू नकोस. वहिनी आणि चिंगीकडे वळ आणि बोल. जे मला लिहिलंस ते दोघींना तोंडाने सांग, चिंगीलासुद्धा. ती दहा वर्षांची आहे आणि तिने पँट बघून ओळखलं.

शनिवारी मी येते आहे. वजन किती वाढलं ते पत्रात लिहू नकोस, तुझ्या शब्दावर आता माझा विश्वास नाही. टेप घेऊन येते. स्वेटर काढून उभा राहा.

टाचणी